हिरवळीवरचे तपकिरी ठिपके

क्लबात त्यांना सगळे 'कायदेपंडित' म्हणत, आणि हे नाव आदरानं पडलंय असा त्यांचा बरीच वर्षं समज होता. पेशानं ते दातांचे डॉक्टर. निवृत्तीनंतर लोकांच्या तोंडात हात घालणं थांबलं, पण लोकांच्या कामात नाक खुपसायला रान मोकळं मिळालं. रान म्हणजे गोल्फचं मैदान.

खेळ त्यांचा यथातथाच. चेंडू उजवीकडे मारला की डावीकडे जाई आणि डावीकडे मारला की तळ्यात. शिस्तीत मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोणी नेम धरत असताना दुसरा खोकला, तरी ते डोळे वटारत. वाळूच्या खड्ड्यात पावलं तशीच सोडून जाणाऱ्याला हाक मारून परत आणत. बरोबर खेळणारा मेव्हणा एकदा म्हणालाही, "भावोजी, मी इथे हवा खायला येतो, तुम्ही शिव्या खायला येता."

भोकाभोवतीची ती बारीक कापलेली हिरवळ तर त्यांचा जीव की प्राण. उंचावरून चेंडू आदळला की तिथे खळगा पडतो. ज्याचा चेंडू, त्यानं तो बुजवायचा. लोक विसरत. डॉक्टर खिशातला दोन दातांचा छोटा काटा काढून स्वतःचा, मेव्हण्याचा, वाटेत दिसेल त्या परक्याचाही खळगा बुजवत, आणि उठताना कंबरेवर हात ठेवून चार लोकांना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडत.

तरी हिरवळीवर तपकिरी ठिपके वाढतच होते. डॉक्टरांनी समितीला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्यात 'बेजबाबदार सभासद' पाच वेळा आले होते आणि अशांना महिनाभर खेळू देऊ नये, अशी मागणी होती. समितीनं पत्र मैदानाची देखभाल करणाऱ्या बाईंकडे धाडून हात झटकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सातव्या भोकापाशी उभ्याच होत्या.

"डॉक्टरसाहेब, एक खळगा बुजवून दाखवता?"

डॉक्टरांना मूठभर मांस चढलं. "ये रे, शिक जरा," त्यांनी मेव्हण्याला बोलावलं. गुडघा टेकला, काटा खळग्याखाली खुपसला, माती वर उचकटली, वरून काठीनं थोपटली. "झालं!"

बाईंनी शेजारचा एक ठिपका चिमटीत धरला. गवताची टिकली अलगद हातात आली. खाली मुळं नव्हती.

"खालून उचकटलं की मुळं तुटतात, साहेब. कडेची माती चहूबाजूंनी आत ढकलायची, उचलायची नाही. खळगा नुसता सोडला तरी बिचारा कधीतरी आपला आपण भरून येतो."

"म्हणजे हे सगळे ठिपके..."

"सगळे नाहीत तुमचे," बाई भल्या होत्या. "पण तुम्ही फार मेहनती."

आता मेव्हण्याला खोकला आला, आणि डॉक्टरांना डोळे वटारायला तोंड उरलं नव्हतं. मुळाला धक्का लावू नये, हे तर त्यांनी जन्मभर दवाखान्यात सांगितलं होतं.

"मी कुणाला सांगणार नाही," मेव्हणा म्हणाला. म्हणजे संध्याकाळच्या आत बहिणीला कळणार. त्याआधी डॉक्टरांनीच बायकोला सांगून टाकलं.

"घरातल्या कुंड्यांना मी तुम्हाला हात लावू देत नाही," ती म्हणाली, "ते काय उगाच?"

चौथं पत्र दोन ओळींचं होतं: बेजबाबदार सभासद सापडला आहे, खाली त्याची सही आहे. समितीनं महिनाभराची बंदी एकमतानं मंजूर केली. इतक्या चटकन त्यांचं एकही पत्र कधी मंजूर झालं नव्हतं.

तो महिना ते रोज सकाळी बाईंच्या हाताखाली रांगले. पहिला आठवडा बाई त्यांनी बुजवलेला प्रत्येक खळगा पुन्हा बुजवत होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्या एका खळग्यावरून न वाकता पुढे गेल्या, तेव्हा डॉक्टर घरी जाऊन दोनदा चहा प्याले.

मग एक दिवस एक नवा खेळाडू त्यांच्यासमोरच काटा खुपसून माती उचकटू लागला. डॉक्टर ताडकन उठले. तोंड उघडलं, मिटलं, आणि ते त्याच्याशेजारी उकिडवे बसले.

"मीही असंच करायचो," ते म्हणाले.

"किती दिवस?"

"नऊ वर्षं."

तो मनापासून हसला आणि त्यानं काटा त्यांच्या हातात दिला. डॉक्टरांनी सावकाश करून दाखवलं. त्यानं मान डोलावली, आभार मानले, आणि पुढचा खळगा पुन्हा खालूनच उचकटला. तो नजरेआड होईपर्यंत डॉक्टरांनी कळ काढली, मग इकडेतिकडे बघत त्या खळग्यापाशी गुडघ्यावर बसले.