वाकडा वाचक

एका प्रोग्रामिंग भाषेचं मानक, म्हणजे तिचे अधिकृत नियम, लिहिणाऱ्या समितीचा एक जुना रिवाज होता. मानकात घालायचं कुठलंही वाक्य, ते ज्यानं लिहिलेलं नाही अशा सभासदानं मोठ्यानं वाचायचं आणि कामचुकार माणूस त्यातून अंग कसं काढून घेईल ते शोधायचं. असं वाचणाऱ्याला सगळे 'वाकडा वाचक' म्हणत. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरे. त्या दिवशी ती मसुदा लिहिणाऱ्या बाईंच्या धाकट्या भावावर आली.

त्या भाषेत माहितीच्या एखाद्या प्रकाराला अट जोडता येत असे. उदाहरणार्थ तापमानाच्या मर्यादा : खालचा आकडा वरच्यापेक्षा कमीच हवा. ही अट कधी तपासायची, यावर समितीनं दोन वर्षं काथ्याकूट केला होता. बाईंचं वाक्य सरळ होतं : 'अशा व्हेरिएबलमध्ये नवं मूल्य ठेवलं जाईल तेव्हा अट तपासली पाहिजे.'

धाकट्यानं वाक्य वाचलं. 'ठेवलं जाईल'पाशी त्याचं बोट क्षणभर थांबलं. मग तो म्हणाला, "मला काही सापडलं नाही."

"कमाल आहे," अध्यक्ष म्हणाले. "मागच्या खेपेला तुम्ही एका स्वल्पविरामातून ट्रक काढला होतात."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. ते थांबलेलं बोट त्यांनी पाहिलं होतं, आणि भोक कुठे आहे तेही आता त्यांच्या ध्यानात आलं. धाकट्याचा आणि त्याच्या भागीदाराचा कंपायलर, म्हणजे त्या भाषेतले प्रोग्राम संगणकाला कळतील असे करून देणारं सॉफ्टवेअर, पुढच्या महिन्यात मानकाप्रमाणे तपासणीला जायचा होता. हे वाक्य राहिलं तर तो पास होणार होता. बदललं तर आठ महिन्यांचं काम वाढणार होतं, आणि त्यांचं एकुलतं एक गिऱ्हाईक तोवर थांबणारं नव्हतं.

अध्यक्षांनी मतदान पुकारलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "वाचकांना एक विचारायचंय. मी हे व्हेरिएबल एका उपप्रोग्रामला दिलं. त्यानं खालचा आकडा वरच्याच्याही वर नेला आणि व्हेरिएबल परत केलं. तुमचा कंपायलर अट तपासेल?"

"ताई, इथे कुणाच्या कंपायलरबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय."

"ठरलंय. तरी विचारते."

धाकट्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नाही तपासणार. आम्ही नक्कल देत नाही, मूळ वस्तूच हातात देतो. आतला एकटा आकडा बदलणं म्हणजे नवं मूल्य ठेवणं नव्हे, आणि परत येताना आत नवं काही ठेवलंच जात नाही. वाक्याप्रमाणे आमचं बरोबर आहे."

"आणि नक्कल देणारे?"

"ते परत आलेली नक्कल आत ठेवतात. त्यांना तपासावं लागतं."

"म्हणजे तोच प्रोग्राम एकाकडे थांबणार आणि दुसऱ्याकडे बिनदिक्कत चालणार," अध्यक्ष म्हणाले. "भगदाड आहे की हो."

बाईंनी तिथेच भर घातली : 'उपप्रोग्रामकडून व्हेरिएबल परत येईल तेव्हाही, मग ते कसंही दिलेलं असो.' कागद त्यांनी धाकट्याकडे सरकवला. त्यानं तो दोनदा वाचला. या खेपेला बोट कुठेच थांबलं नाही. वाक्य एकमतानं मंजूर झालं.

चहाच्या सुट्टीत दोघं जिन्यापाशी उभी राहिली.

"आईला तू सांग," धाकटा म्हणाला.

"सांगते. कंपायलर म्हणजे काय, तिथपासून सुरुवात करावी लागेल."

तो जेमतेम हसला आणि त्यानं भागीदाराला फोन लावला. तपासणी पुढे ढकलावी लागेल, एवढंच आधी सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"ताईनं शोधून काढलं," तो म्हणाला. बाई जिना उतरू लागल्या होत्या; त्यांना पुढचंही ऐकू आलं. "नाही, तिच्या आधी मला दिसलं होतं. मी गप्प बसलो."