हिरड्या बऱ्या झाल्या

नगरपालिकेच्या बँडमध्ये पहिला ट्रम्पेट वाजवणाऱ्याला सगळे फुंक्या म्हणत. बायको चारचौघांत 'अहो' म्हणायची, पण रागावली की तीही फुंक्याच म्हणे. माणूस दिसायला बेताचा, बोलायला त्याहून बेताचा. पण रविवारी संध्याकाळी बागेतल्या चौथऱ्यावर बँड वाजायला लागला आणि त्याने एकट्याने वरचा सूर धरला, की बाकांवरच्या गप्पा थांबत. आयुष्यात आपल्याला एवढंच नीट येतं, हे त्याला माहीत होतं आणि तेवढं त्याला पुरत होतं.

दात तो रोज घासायचा, म्हणजे सकाळी घाईघाईने, समोरून दिसतात तेवढे. कधीतरी ब्रशला रक्त लागायला लागलं. त्याने कुणाला सांगितलं नाही. जिथून रक्त यायचं तिथे ब्रश लावायचंच सोडून दिलं. रक्त दिसेनासं झालं, विषय संपला. दुखत असतं तर गेला असता डॉक्टरकडे. दुखत काहीच नव्हतं.

अशी काही वर्षं गेली. बायको म्हणायची, "तोंडाला वास येतो तुमच्या." तो सिगरेट विझवून लवंग चघळायचा. मग एकदा तालमीत ट्रम्पेट ओठांना दाबून धरला तेव्हा त्याच्या वरच्या ओठाआड काहीतरी सरकलं. सूर चिरकला. बँडमास्तरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"काय रे, आज दम लागला का?"

"नाही मास्तर. दात हलला."

सगळे हसले. त्याला वाटलं आपणही हसावं, पण जीभ पुन्हा पुन्हा त्या दाताकडे जात होती आणि दात प्रत्येक वेळी हलत होता.

दातांची डॉक्टर मध्यम वयाची बाई होती. तिने बारीक सळईने एकेका दाताभोवती चाचपून पाहिलं आणि आरसा त्याच्या हातात दिला.

"हिरडी दातापासून सुटलीय. आत पू आहे. ज्या हाडात दात बसतो ते हाड झिजलंय."

"पण दुखत कसं नाही?"

"या आजाराची तीच तर खोड आहे. रक्त यायचं का?"

"यायचं. म्हणून मी तिथे घासत नव्हतो."

"बहुतेक जण तेच करतात," ती म्हणाली. "तिथेच घासायला हवं होतं, हलक्या हाताने. मळ साचतो म्हणून रक्त येतं, आणि घासलं नाही की आणखी साचतो."

तिने दातांचा प्लास्टरचा नमुना हातात घेऊन कसं घासायचं ते दाखवलं. ब्रश मऊ हवा. दात आणि हिरडी मिळतात तिथे तो तिरका टेकवायचा, छोट्या गोलांत फिरवायचा, आतल्या बाजूनेही. दोन दातांच्या फटीत धागा. सकाळी एकदा, आणि झोपताना तर चुकवायचंच नाही. सिगरेट बंद.

"हिरड्या बऱ्या होतील," ती म्हणाली. "झिजलेलं हाड परत येणार नाही, तेव्हा दात घट्ट होतील असं मी म्हणत नाही."

त्याने पहिलं वाक्य तेवढं घरी नेलं.

तिने काही बैठकांत हिरडीखालचं सगळं किटण खरवडून काढलं. आणि फुंक्या, ज्याने कधी शर्टाचं तुटलेलं बटण वेळेवर लावून घेतलं नव्हतं, तो दात घासायला लागला. जेवण झालं की मोरीतल्या आरशासमोर उभा राही, एकेक दात करत मागच्या दाढेपर्यंत जाई. सिगरेट एका झटक्यात सुटली.

"लग्नाच्या दिवशी तरी इतका वेळ उभे होता का आरशासमोर?" बायको म्हणायची.

"तेव्हा दात हलत नव्हते," तो ब्रश तोंडात ठेवूनच म्हणायचा.

आणि हिरड्या खरंच बऱ्या झाल्या. रक्त थांबलं, वास गेला. सुजून लालभडक झालेलं मांस गुलाबी, घट्ट झालं, दातांवरून मागे सरलं आणि दातांच्या मुळांशी काळ्या फटी उघड्या पडल्या.

त्या फटींतून वारा जायला लागला. ट्रम्पेट ओठांना लावला की सुराआधी फुस्स व्हायचं, थुंकी उडायची. फटींत मेण भरून पाहिलं, ते फुंकेसरशी सुटायचं. तो तडक डॉक्टरकडे गेला.

"तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं मी."

"दिसतंय. इतकं मनापासून कुणी करत नाही."

"मग हे काय झालं?"

"सुजेने फटी बुजल्या होत्या. सूज उतरली, आता खरं काय ते दिसतंय."

"म्हणजे आजारी होतो तोवर वाजवता येत होतं."

"आणखी थोडे दिवस आलं असतं," ती म्हणाली. "मग दात हातात आले असते."

तिने समोरचे दात मागून तारेने एकमेकांना बांधून दिले. वारा जायचा तो जायचाच, पण दात हलेनासे झाले. तेवढ्यावर त्याने काही रविवार काढले. मग वाजवतानाच तार सुटली, आणि सूर अर्ध्यात फाटला. कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

वाद्यं ठेवायच्या खोलीत बँडमास्तर त्याच्याकडे न बघता म्हणाले, "झांजा घेशील का?"

"घेतो की. हातांना काही झालेलं नाही."

त्याने ट्रम्पेट आतून-बाहेरून पुसला, पेटीत ठेवला आणि पेटीची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली.

त्याच आठवड्यात बायकोने चूळ भरली तेव्हा त्याला मोरीत गुलाबी पाणी दिसलं. "कधीपासून?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "असंच, अधूनमधून. दुखत नाही काही." दुसऱ्या दिवशी तो तिला ओढतच डॉक्टरकडे घेऊन गेला. तिचं हाड शाबूत होतं. "वेळेवर आणलंत," डॉक्टर त्याला म्हणाली. परतताना बायको पोरीसारखी खुशीत होती, आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहून एकदम गप्प झाली.

"तू बोल," तो म्हणाला. "मला बरंच वाटलं."

ते खरं होतं. पण त्यामुळे त्याला हलकं वाटलं नाही.

थंडीत समोरचे दोन दात काढावे लागले. त्यांच्या जागी बसवलेली कवळी जेवताना बरी होती. पण एकदा बँडच्या खोलीत ट्रम्पेटची पेटी उघडी दिसली म्हणून त्याने तो गुपचूप ओठांना लावून पाहिला, तेव्हा कवळी आतल्या आत उचकटली. तो ट्रम्पेट नुसता हातात घेऊन बसला.

डॉक्टरने पुन्हा तपासायला बोलावलं, तेव्हा त्याने विचारलं, "बाकीचे किती टिकतील?"

"असंच घासत राहिलात तर बरीच वर्षं."

"कशासाठी?"

तिने हातमोजे काढले.

"जेवायला," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. घरी आला, जेवला. कवळी काढून पाण्यात ठेवली आणि ब्रश घेऊन मागच्या दाढांपासून सुरुवात केली.