सातव्या खात्याचा हरवलेला माणूस

"परवलीचा शब्द?" दीपमालाबाईंनी खोलीचं दार बोटभर उघडून विचारलं.

बाहेर खिचडीची थाळी घेऊन त्यांचे यजमान चंद्रभान तायडे उभे होते. अकोल्याच्या उन्हात खिचडी थंड व्हायला वेळ लागतो, तरी ती थंड झाली होती.

"दीपा, मी आहो. चंद्रभान."

बाईंनी फटीतून त्यांना आपादमस्तक पाहिलं.

"चेहरा बराबर घातला तू. नाकबी जमवलं. पन थे काई एवढे म्हतारे नाईत."

दार बंद झालं.

लग्न झाल्यापासून ही बाई त्यांना 'तुमी' म्हणत आली होती. सांगूनही कधी 'तू' म्हणाली नव्हती. आता म्हणत होती, आणि तेही दिवसभर.

चंद्रभान अकोल्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. उरलेल्या वेळात चित्रकथा काढायचे. अमरावतीत रऊफभाईंची प्रेस होती. तिथं वरूडच्या संत्र्यांच्या पेट्यांवरची लेबलं छापत. हंगाम संपला की नारंगी शाई उरायची. ती वाया जाऊ नये म्हणून 'नारंगवीर' जन्माला आला. त्याचा झगा नारंगी, बूट नारंगी, संतापला की चेहराही नारंगी. तो उडायचा, भिंती फोडायचा, आणि शेवटच्या पानावर वऱ्हाडची जनता त्याला हार घालायची. पोरांनी त्याला डोक्यावर घेतलं.

गोष्टी मात्र दीपमालाबाईंच्या, आणि त्यांना नारंगवीर मुळीच आवडत नसे.

"उडते तं उडू द्या बाप्पा," त्या म्हणत. "पन चोर कोठी दडला हे त्याले सांगते कोन? सातवं खातं. अन् हार यालेच!"

सातवं खातं ही त्यांची निर्मिती. बाहेरून गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान, आत देशाचं हेरखातं. कोणी खरोखरच ढेप मागितली तर तीही मिळे. गुप्तता म्हणजे धंदा बंद ठेवणं नव्हे, असं त्यांचं मत होतं. खात्याच्या प्रमुख 'बाई' चित्रात कायम पाठमोऱ्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. ती पेन्सिल कोणाच्या अंबाड्यातली, हे रऊफभाईंच्या प्रेसमधल्या मांजरालाही माहीत होतं.

आणि खलनायक मुखचोर. तो दुसऱ्याचा चेहरा चोरून घालायचा. म्हणून खात्याचा पहिला नियम असा, की चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. शब्द विचारायचा. शब्द एकदा वापरला की मेला. पुढच्या अंकात नवा.

नियम चांगला होता. बाई आता त्याच नियमाने वागत होत्या.

सकाळी भेटलेले डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. म्हातारपणच्या या आजारात सगळ्यात जवळचा माणूसच कधीकधी बहुरूपी वाटतो, असं त्यांनी समजावलं आणि त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. खलनायकाला शोभलं असतं, असं चंद्रभानांच्या मनात आलं. पण बाईंनी परवापासून अन्नाला शिवलं नाही म्हटल्यावर डॉक्टर गंभीर झाले. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर भरती करायचं. नाकातून नळी.

"ती उपसून टाकन ना नळी," चंद्रभान म्हणाले.

"हात बांधतो आम्ही. मऊ पट्टी असते," डॉक्टर म्हणाले. दाराला तोरण बांधायचं असावं, अशा सुरात.

दुपारी अमरावतीहून रऊफभाई आले. प्रेसमध्ये आता लग्नपत्रिका निघतात, पण जुने काही अंक त्यांनी जपून ठेवले होते. ते पिशवीत होते. त्यांना पाहताच दार सताड उघडलं.

"या रऊफभाई! पानी घ्या. बिल्कीसभाबी बरी हाय? तिच्या गुडघ्याचं काय झालं?"

सगळं आठवत होतं. गुडघासुद्धा.

"भाबी, मी बिर्यानी आनली. दोन घास खाऊन घ्या."

"मले भूक लागली हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "पन हे उपाशी असन. मुखचोरानं कोठी कोंडून ठेवलं त्यायले, कोनाले मालूम. त्यायच्याबिगर मी कधी जेवली काय?"

हे मात्र खरं होतं. अंक छापायला टाकला की दोघं एका ताटात जेवत. ती सवय पुढं राहिली. अंक बंद पडले, ताट चालू होतं.

रऊफभाई ओसरीवर आले आणि डोकं धरून बसले.

"यार चंद्रभानभाऊ, मले गुडघा इचारते अन् तुले शब्द! तू केलं तरी काय?"

"म्हतारा झालो," चंद्रभान म्हणाले.

मग दोघा म्हाताऱ्यांनी अंक चाळले. चंद्रभान दाराशी जाऊन एकेक शब्द टाकू लागले.

"ढेप ओली हाय!"

"जुना झाला," आतून उत्तर.

"तिसऱ्या पोत्यात मांजर!"

"थो मुखचोरालेबी ठाऊक हाय."

"बाळापूरच्या किल्ल्यावर पतंग!"

"काहून ओरडून राहिला बे? लोकं झोपले असन."

अंक संपले. ज्या अंकाचा शब्द हवा होता तो कधी लिहिलाच गेला नव्हता. चंद्रभानांनी दारावर कपाळ टेकलं.

"दीपा, उद्या तुले बांधतीन. आयक ना. माह्यासाठी नोको खाऊ, पन खा."

"रडनंबी शिकून आला," आतून आवाज आला. "पन थे नाई रडत."

रऊफभाईंनी तोंड फिरवलं. कूलरचा पंप कोरडा फिरत होता. पाणी घालायला कोणी उठलं नाही.

बऱ्याच वेळाने चंद्रभान उठले. तोंड धुतलं. खिचडी पुन्हा गरम केली, थाळीत वाढली आणि दारावर टकटक केली.

"परवलीचा शब्द?"

"मालूम नाई, बाई."

आतली कडी किंचित हलली.

"तुमी बराबर ओळखलं. मी तायडे नाई. सातव्या खात्यात नवीन लागलो. मले अजून शब्दच भेटला नाई."

रऊफभाई तोंड उघडणार होते. चंद्रभानांनी हातानं त्यांना थांबवलं.

कडी निघाली. दार पूर्ण उघडलं. चंद्रभानांसाठी, परवापासून पहिल्यांदा.

"असं आधीच नाई का सांगायचं?" बाई म्हणाल्या. "त्यायचा चेहरा लावून फिरून राहिला येडपटासारखा. ये. चित्र काढता येते?"

"येते थोडंसं."

बाईंनी अंबाड्यातून पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली. रऊफभाईंनी पिशवीतल्या एका अंकाचं कोरं मलपृष्ठ फाडून पुढे केलं.

"आमचा मानूस हरवला. लिही. नाई, काढ. केस दाट. मांगं वळवलेले. कपाळ एवढं मोठं नोको, तुयासारखं."

चंद्रभानांनी कपाळ लहान केलं.

"डोये हसरे. थे कामात असले ना, तं जीभ अशी बाहेर येते. हां. कानाले नारंगी शाई लागलेली. पुसतच नाई, सांगून सांगून थकली मी."

नारंगी रंग नव्हता. चंद्रभानांनी तिथं पेन्सिल जरा दाबून फिरवली. तिशीतला तो माणूस कागदावर उमटत गेला. त्यांना तो पुष्कळ वर्षांनी भेटत होता.

बाईंनी चित्र हातात घेतलं. कितीतरी वेळ पाहिलं.

"हेच," त्या म्हणाल्या. "सापडतीन काय?"

"खातं मांगं लागलं तं सापडतीनच. पन बाई, तुमाले हुकूम द्या लागन, अन् तुमी तं उपाशी."

त्यावर त्यांनी विचार केला. खात्याच्या प्रमुखाने करावा तसा, डोळे बारीक करून. मग थाळी ओढली आणि पहिला घास तोंडात घातला. ओसरीवर रऊफभाईंनी नाक शिंकरलं, गरजेपेक्षा जोरात.

बाई अर्ध्या थाळीपर्यंत जेवल्या. रेषा आखल्यासारखी अर्धी थाळी तशीच ठेवली.

"दिसले तं सांगजो त्यायले. दीपमाला जेवली म्हनाव. काळजी नोको करा म्हनाव."

"सांगतो, बाई."

"अन् तू जेवला काय रे?"

चंद्रभानांनी मान हलवून नाही म्हटलं.

"मंग बस. रऊफभाईनं बिर्यानी आनली, थे घे." त्यांनी चित्र समोरच्या पाटावर भिंतीला टेकवून ठेवलं आणि उरलेली थाळी त्याच्यापुढे सरकवली. "पन तिथं नोको बसू. थो त्यायचा पाट हाय."

चंद्रभान उंबऱ्याजवळ जमिनीवर बसले.