कडीचा डबा आणि साक्षीचे एकोणीस शब्द

मित्रांनो, तुमच्या स्वयंपाकघरात रबरी झाकणाच्या नव्या डब्यांमागे एखादा पोचे पडलेला म्हातारा डबा बसलेला असेल. त्याला जरा पुढे ओढा. मी त्याच्याच घराण्यातला. मी एक जुना, स्टीलचा, कडीचा डबा आहे. माझी कडी एका बाजूने ढिली आहे आणि झाकण अंमळ हट्टी आहे. पण पोटावरचं नाव अजून वाचता येतं: ‘सौ. वैजयंता तात्याराव हनवते, हिंगोली’. दुकानदाराने घरघरत्या मशीनने ते कोरलं, तेव्हा मला भारी गुदगुल्या झाल्या होत्या. नाव कोरलेला डबा हरवत नाही बरं का. फार तर उशिरा घरी येतो.

हिंगोलीत माझा मोठा मान होता. वैजयंताबाईंची धपाटी शेजारीपाजारी पोचवायची ती मीच. त्यांचा एकच कायदा होता: “कुणाचं भांडं रिकामं धाडायचं नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर टाक.” त्यामुळे मीही कधी रिकामा परतलो नाही. कुणाकडून ज्वारीच्या लाह्या यायच्या, कुणाकडून लिंबं. एकदा तर नुसती कढीपत्त्याची डहाळी घेऊन आलो. कोण मनापासून देतं आणि कोण मोजून देतं, हे डब्याइतकं कुणालाच कळत नाही. पण मी चुगली करत नाही.

तात्याराव गेल्यावर वैजयंताबाई मुलाकडे, लोकेशकडे भाईंदरला आल्या. गोडदेवला, तिसऱ्या मजल्यावर. मी शेंगदाण्याची चटणी पोटात घेऊन त्यांच्या मांडीवर बसून आलो. सूनबाई तेजश्रीने चटणीचं कौतुक केलं आणि मला सिंकखाली, घासणीच्या शेजारी जागा दिली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आज त्या जागेचे मी आभार मानतो. वरच्या फळीवर असतो, तर साक्षीला कसा सापडलो असतो?

साक्षी म्हणजे लोकेश-तेजश्रीची लेक. तेव्हा अडीच वर्षांची होती. तिने मला बाहेर ओढलं, पळीने बडवलं, माझ्या तोंडात आपलं तोंड घालून ओरडली आणि शेवटी म्हणाली, “बा!”

वैजयंताबाई मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “डब्बा व्हय ग माय! आजीचा डब्बा. चटणीचा डब्बा.”

तिथेच माझ्या लक्षात आलं. या बाईने कायदा इथेही लावला होता. नातीने एक तुटका शब्द धाडला. आजीने त्यात दोन-चार शब्द भरून तो परत केला.

त्या दिवसापासून मी साक्षीचे शब्द मोजू लागलो. ‘चमचा’ सोपा होता. चमचा दाखवता येतो. पण ‘रिकामा’ कसा दाखवणार? आत काहीच नाही, ते ‘काहीच नाही’ बोटाने कसं दाखवायचं? आजी मला शेंगदाण्यांनी भरायच्या, “भरला” म्हणायच्या, ओतायच्या, “रिकामा” म्हणायच्या. साक्षी आत हात घालायची, तळ चाचपायची, पुन्हा भरायला लावायची. असं किती दिवस चाललं म्हणता? शेंगदाण्यांची सालं निघाली!

‘संपलं’ तिला आधी आलं. मग काय, लाइट गेली, “टंपलं.” बाबा कामाला गेले, “टंपलं.” गच्चीवरचं कबूतर उडालं, तेही “टंपलं.” मोठी माणसं हसली. मी नाही हसलो. कबूतर आणि लाइट यांत सारखं काय आहे, हे तिचं तिने शोधलं होतं. तुम्हाआम्हाला जमेल?

तरीही तिसऱ्या वाढदिवसाला माझ्या मोजणीत शब्द भरले एकोणीसच. बिल्डिंगमधली तिच्याएवढी मुलं कविता म्हणत होती. तेजश्री धास्तावली. डॉक्टरांकडून कान तपासून आणले, कान चांगले होते. मग ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, “मराठी, हिंदी, गुजराती, इंग्लिश, कानावर चार भाषा, पोरगी गोंधळणारच ना. एकच ठेव. इंग्लिश.”

तेजश्री सासूजवळ बसली. “आई, राग मानू नका. जूनमध्ये शाळेत तिला प्रश्न विचारणार. तोपर्यंत तुम्ही तिच्याशी नका ना बोलू. खुणेनं सांगा.”

“माझ्या बोलण्यानं लेकराचं नुकसान होऊ लागलं का?”

“तसं नाही हो आई...”

“बरं. नाही बोलत.”

समोरच्या दारातल्या अंबिकाबेनशी आजींची भरलेल्या भांड्यांची देवाणघेवाण चालायची. त्यांना हे कळलं, तेव्हा त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, “अरे बेन, छोकरी का दिमाग है, अचार की बरनी नहीं! मेरे बच्चे तीन भाषा में झगड़ते हैं, एक में भी कम नहीं पड़ते।” पण तेजश्रीने ऐकलं नाही. आईच्या कानात भीती बसली, की दुसरं काही आत शिरत नाही.

ती संध्याकाळी सातला थकून यायची आणि मला उचलून विचारायची, “साक्षी, व्हॉट इज धिस? से बॉक्स.” साक्षी माझ्याकडे बघायची, आईकडे बघायची आणि पंखा बघत बसायची. बिचारी तेजश्री! जिवाच्या आकांताने विचारायची. पण नुसतं विचारायचीच. महिन्याभरात एकोणिसाचे चौदा शब्द झाले.

एका रविवारी अंबिकाबेनची वाटी परत द्यायची होती. तेजश्रीने ती घासून साक्षीच्या हातात दिली. “गो, गिव्ह आंटी.” साक्षीने आत पाहिलं आणि उंबऱ्यात फतकल मारून बसली. हलेचना. मान नुसती नाही-नाही. “किती हट्टी झालीये!” म्हणत तेजश्री स्वतःच रिकामी वाटी देऊन आली. खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. पण मला बोलता येत नाही, आजीला बोलायचं नव्हतं आणि साक्षीला सांगता येत नव्हतं. एका स्वयंपाकघरात तिघं मुके.

आठवड्याने वैजयंताबाई लोकेशला म्हणाल्या, “मी गावाकडं जाते. चौदा एप्रिलची जयंती तिकडंच करीन.” जयंती हे निमित्त होतं. आपण बोललो तर नातीचं नुकसान, गप्प राहिलो तर आपलं; हे त्यांच्याने पेलेना.

जायच्या दुपारी बॅग दाराशी आली. ट्रॅव्हल्सची गाडी चारची होती, रिक्षा खाली उभी होती. मला नेणार नव्हत्या. “चटणी ठेवायला राहू द्या,” म्हणाल्या. साक्षीने सगळ्यांकडे पाहिलं, धावत सिंककडे आली आणि माझं झाकण ओढलं. त्या दिवशी मी अजिबात हट्ट केला नाही. मग माझ्या पोटात भराभरा पडलं: एक मोजा, हिरवा खडू, कपड्यांचा चिमटा आणि अर्धं बिस्कीट. कडी दोन्ही हातांनी धरून तिने मला दारापर्यंत फरफटत नेलं आणि आजीच्या पायाशी ठेवलं.

“लिकामी नको,” ती म्हणाली. मग बराच वेळ शोधून म्हणाली, “आजी... पलत.”

समोरच्या दारातून अंबिकाबेन म्हणाल्या, “समझी नहीं, तेजश्री? भर के भेजो, तो वापस आता है। इतने महीने से यही तो देख रही है।”

तेजश्रीने वाकून माझ्या आत पाहिलं. “म्हणजे त्या दिवशी ती वाटी...” तिने सासूकडे पाहिलं. “आई, हे तुम्ही कधी शिकवलंत तिला?”

“शिकवायला मला बोलू कुठं दिलंस माय?” वैजयंताबाई म्हणाल्या. टोमणाच होता, पण डोळे भरलेले होते, म्हणून तो टोचला नाही.

तेजश्रीने लोकेशच्या हातातली बॅग घेतली. “रिक्षा सोडून दे.” मग हलकेच म्हणाली, “आई, बोला तुम्ही. जसं बोलता तसंच. मी पण बोलेन.”

साक्षी काही दुसऱ्या दिवसापासून घडाघडा बोलू लागली नाही. मी जुना डबा आहे, जादूचा नाही. पण शब्द येऊ लागले, आणि येताना जोडीला दुसरे आणू लागले. जूनमध्ये शाळेतल्या बाईंनी तिला एक खोकं दाखवून इंग्रजीत काहीतरी विचारलं. तिने झाकण उघडून आत पाहिलं आणि सांगितलं, “लिकामं आहे.” बाई हसल्या आणि प्रवेश मिळाला. चारशेनंतर मी शब्द मोजणं सोडलं. ‘काल’ अजून गडबडतो. तिची दिवाळीही काल झाली आणि आजीचं लग्नही कालच! तेही आजी हळूहळू भरून देतीलच.

मित्रांनो, मला खूप मिळालं. पोटावर नाव मिळालं, सिंकखालची जागा मिळाली, एका मुलीच्या बालपणाचा आवाज माझ्या पोटात घुमला. मागणं एवढंच आहे. तुमच्या घरी एखादं लेकरू असेल, आणि ते अर्धामुर्धा शब्द तुमच्या हातात देईल. त्याला रिकाम्या हाताने परत धाडू नका. जी भाषा तुमच्या पोटातून येते, तिच्यातलं चिमूटभर काहीतरी त्यात घाला.

आता मला आत जायला हवं. अंबिकाबेनकडून ठेपले भरून आलोय. साक्षीने मला दोन्ही हातांनी धरलं आहे, पण उंबरा ओलांडण्याआधी ती थांबली आहे. झाकण उचलून आत बघते आहे. बघितल्याशिवाय ती मला घरात घेत नाही.