सीतारामचा उजवा गाल

चिंचपोकळीच्या पुलाजवळच्या पत्र्याच्या शेडपुढे रविवारी सकाळी अशी गर्दी उसळली होती की गणपती दोन महिने आधीच आले की काय, असं वाटावं. एका दारातून गळ्यावर लाल पुरळ घेतलेले गिरणीकामगार आत शिरत आणि दुसऱ्या दारातून गुळगुळीत गाल चाचपत बाहेर येत. आत महाराजांनी दाढी केल्यावर ना आग, ना खाज. दुसऱ्या दिवशी फोडही नाहीत! "बोला शीतलगिरी महाराज की जय!" अशी आरोळी उठली की रांगेतले हात आपोआप जोडले जात. यातले निम्मे जण संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लाठ्या खाऊन आलेले. सरकारला जाब विचारताना न कचरणारी ही माणसं एका ओल्या फडक्यापुढे मात्र माना खाली घालून उभी होती.

"उलटा वस्तरा, उलटी करणी!" आतून महाराज गरजत होते. "बालका, न्हाव्याने तुझ्या गळ्यावर उलटा हात मारला. गालावर उलटा वस्तरा फिरला की घरावर उलटी करणी फिरते! हिमालयात बारा वर्षं तप केलं, तेव्हा ही शीतलशिळा प्रसन्न झाली!"

हिमालयात बारा वर्षं हे दाढी कुणाची करत होते, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

रांगेच्या शेवटी तोंडाला मफलर गुंडाळून कुशाबा उभा होता. काळाचौकीच्या एका चाळीत, जिन्याखालच्या गाळ्यात त्याचं सलून होतं, आणि 'उलटा हात' मारणारा न्हावी तो हाच. एकदा केसांच्या वळणाने दाढी करायची आणि मग गाल लोण्यासारखा व्हावा म्हणून वस्तरा उलट दिशेने ओढायचा, याला गिऱ्हाइकं 'उलटा हात' म्हणत आणि हौसेने मागून घेत. महाराजांनी त्या दोन शब्दांची करणी करून टाकली. पंधरा दिवसांत कुशाबाची खुर्ची ओस पडली. त्याची बायको सुभद्रा नळावर गेली की बायका तिला रांगेतून हाकलत.

आदल्या दिवशी चाळीचे सेक्रेटरी शामराव येऊन सांगून गेले होते, "कुशाबा, सोमवारी संध्याकाळपर्यंत गाळा खाली कर. महाराजांची गादी तिथे बसायची आहे. माझ्या हातात काही नाही रे, कमिटीचं ठरलंय." माझ्या हातात काही नाही, असं म्हणणाऱ्याच्याच हातात बहुतेक सगळं असतं.

"गावाकडं तरी काय हाय आपलं?" एवढंच सुभद्रा म्हणाली होती. कुशाबाला रात्रभर झोप लागली नाही. आठ दिवसांची दाढी वाढलेलीच होती. महाराज नेमकं काय करतात ते बघायला ती दाढी घेऊनच तो इथे आला होता.

त्याचा नंबर लागला. महाराजांनी त्याला ओळखलं नाही. त्यांनी वाफाळतं फडकं त्याच्या तोंडावर दाबलं आणि बजावलं, "एकशे आठ नावं होईपर्यंत हलायचं नाही."

केस मऊ व्हायला एवढाच वेळ लागतो, कुशाबा फडक्याखाली मनाशी म्हणाला.

मग भरपूर साबण फासला गेला. वस्तरा लावण्याआधी महाराजांनी तो डाव्या तळहातावर दोनदा सफाईने परजला, आणि कुशाबाचे डोळे खाड्कन उघडले. ही लकब तपाने येत नाही. ती उस्तादाच्या टपल्या खाऊन येते. वस्तरा केसांच्या वळणाने अलगद उतरत गेला. उलटा एकदाही फिरला नाही. शेवटी शेंदूर फासलेली शीतलशिळा गालावरून फिरू लागली, तेव्हा कुशाबाने जीभ बाहेर काढून ती सरळ चाटली.

"अरे पाप्या!" महाराज किंचाळले.

"तुरटी हाय!" कुशाबा उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "शेंदूर फासलेली तुरटी! आणि महाराज, उमेदवारी कंच्या सलूनात केलीत? हात झकास बसलाय."

गर्दी खवळली. कुशाबाच्याच चाळीतला, गिरणीत साच्यावर काम करणारा सीताराम पुढे घुसला. "गप रे! माका गेल्या रविवारी गुण इलो हा!"

"आला न्हवं? मग कशानं आला ते बघू. तुझ्या डाव्या गालाला मी हात लावतो. गरम फडकं, सुलटा हात, साधी तुरटी, मंत्र एक न्हाय. उजव्या गालाला महाराजांनी मंत्र म्हणायचा. पण पाणी गार, तुरटी न्हाय आणि वर उलटा हात. मंत्रात दम असंल तर उलटा हात काय करणार? उद्या सांजच्याला गाळ्यापुढं दोन्ही गाल बघू."

महाराजांनी मुहूर्ताची सबब काढून पाहिली. पण भक्त भोळा असला की महाराजांची पंचाईत होते. "माझो गाल घेवा!" सीताराम छाती पुढे काढून म्हणाला. "महाराजांका कसली भीती?" लोकांनी जयजयकार केला आणि महाराजांना वस्तरा उचलावाच लागला.

सोमवारी संध्याकाळी सगळी चाळ गाळ्यापुढे जमली. महाराज गादी बसवायला आले होते. तेवढ्यात पहिली पाळी करून सीताराम आला. डावा गाल स्वच्छ होता. उजवा गाल आणि त्याखालचा गळा लाल पुरळाने भरला होता, आणि तो सारखा खाजवत होता.

"भक्ताची श्रद्धा कमी पडली," महाराज डोळे मिटून म्हणाले.

"श्रद्धा?" सीताराम उसळला. "डाव्याक मंत्रच नाय, तो बरो. उजव्याक मंत्र दिलो, तो पेटलो! मगे तुमचो मंत्र औषध की रोग?"

कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. कुणीतरी महाराजांची पेटी उघडली. आत वस्तऱ्याचा चामडी पट्टा, धार लावायचा दगड आणि तुरटीचे खडे निघाले. महाराजांनी "पोटासाठी करावं लागतं" असं काहीतरी पुटपुटत पळ काढला. पोट कुशाबालाही होतं; त्याने त्यासाठी दुसऱ्याचं बिऱ्हाड उठवलं नव्हतं.

"कुशाबा, गाळा तुझाच," शामराव घाईघाईने म्हणाले. "झालं गेलं विसर."

"न्हाय विसरणार." कुशाबा म्हणाला. "फोड माझ्या हातनं आले, ते मी कबूल करतो. सुट्टीच्या दिवशी तीस-तीस दाढ्या, गार पाणी, सगळ्यांना एकच फडकं, पट्ट्यावर न घासलेला वस्तरा. वर तुम्ही म्हणणार, उलटा हात मार. केस कातडीच्या आत कापला जातो, वाढताना आतच वळतो, आन् तिथंच फोड येतो. त्या लबाडानं दुसरं काय केलं? जे काम मी नीट करायला पायजे होतं, ते केलं आन् त्याला मंत्राचं टोपडं घातलं. मी माझं काम सुधारतो. पण तुम्ही काय केलंत? माझ्या बायकोला नळावरनं हाकललंत. पंधरा दिसांत एकानं तरी येऊन विचारलं का, 'कुशाबा, हे फोड कशानं येतात रे?' रोज समोरनं जाता. मी हितंच बसलो होतो."

शामराव जमिनीकडे पाहत राहिले.

"फोड आला तर वस्तरा बघा, पाणी बघा, फडकं बघा. माझा हात तपासा, मला राग न्हाय. पण आधी विचारा, बाबांनो. न विचारता कुणाच्या घरावर करणी लादू नका."