वाचणं थांबवायचं नाही

दिवाळीनंतर सिंदेवाहीत संध्याकाळी सहा ते आठ वीज जाऊ लागली, तेव्हापासून अंजुम मुलांना सपरीत, घरापुढच्या पडवीत, बसवून वाचून दाखवू लागली. घर वस्तीच्या अगदी शेवटी होतं. सपरीसमोर अंगण, मग बांबूचं कुंपण, आणि त्यापलीकडे तलावापर्यंत झुडपी जंगल. दानिश आठ वर्षांचा, अमरीन चार. घरात हिंदी बोलत, पण शाळा मराठी होती, म्हणून वाचन मराठीतच चाले.

अंजुम भात संशोधन केंद्रात किडींच्या नोंदी ठेवायची. नवरा कय्यूम आठवडी बाजारांत कापड विकायचा आणि सातच्या आत कधी घरी येत नसे. शाळा सुटल्यावर ती येईपर्यंत मुलांना शेजारच्या इंदिराबाई सांभाळत.

त्या महिन्यात इंदिराबाईंची शेळी बिबट्याने नेली, दिवेलागणीला, गळ्यातल्या दोरासकट. दुसऱ्या दिवशी त्या सपरीत येऊन बसल्या. शेळीबद्दल फार बोलल्या नाहीत. अंजुम मुलांना वाचून दाखवते ते चांगलं आहे, फक्त आवाज लहान आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

"रानात मोहफुलं वेचाले जातो न बाई, तवा आमी बोलतच राह्यतो. सासूच्या चुगल्या सांगतो, काई नाई तं गानं म्हनतो. त्याले मानसाचा आवाज आयकू आला का तो वाट सोडते. तुमी वाचा, पन मोठ्यानं. मधात थांबू नका."

अंजुमला ते पटलं. तिने त्याची शिस्त लावली. पान उलटताना आवाज तुटू नये म्हणून शेवटची ओळ दानिश म्हणे. म्हाताऱ्या कासवाच्या गोष्टीचं एकच पुस्तक घरात होतं. ते दोघांना पाठ झालं. मग ती केंद्रातली माहितीपत्रकं वाचू लागली. खोडकिड्यावर एकरी किती दाणेदार औषध टाकायचं हे अमरीनही सांगू लागली, आणि कय्यूम म्हणाला की पोरीला आता नोकरीच लावून टाक. दानिश एकदा शब्दाला अडखळून थांबला, तेव्हा अंजुमने त्याला बजावलं की वाचत राहिलं तर काही जवळ येत नाही.

नोंदी ठेवायच्या सवयीप्रमाणे तिने एक गोष्ट केली. रोज चुलीतली राख चाळून कुंपणाच्या आत आणि बाहेर तलावाकडच्या पायवाटेवर पसरायची आणि सकाळी पाहायचं.

पहिल्या सकाळी बिबट्याचे ठसे कुंपणाबाहेर चाळीस पावलांवर होते. पाचव्या दिवशी ते कुंपणाशी आले. आठव्या दिवशी कुंपणाच्या आत, धुण्याच्या दगडाजवळ होते. चालतानाचे ठसे एकामागे एक पडतात. दगडाजवळ पुढचे दोन पंजे शेजारी शेजारी होते, खोल, आणि बोटं सपरीकडे. तिथे तो बराच वेळ बसला होता. तिने अंतर मोजलं. दगडापासून अमरीन बसते त्या चटईपर्यंत अकरा पावलं.

त्या संध्याकाळपासून तिने मुलांना आत घेतलं, दार लावलं, वाचन बंद केलं. मुलांना सांगितलं की थंडी पडली आहे. दोन दिवस राखेत काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी, मुलांना आत बसवून, दार आपल्या पाठीशी उघडं ठेवून, ती एकटी सपरीत मोठ्याने वाचत बसली. दानिशने आतून विचारलं की आम्ही इथे असताना तू बाहेर कोणासाठी वाचतेस. ती म्हणाली, काम आहे. सकाळी ठसे होते. नऊ पावलं.

मोह वेचणाऱ्या बायका दहा-बारा असतात आणि सतत हलत असतात. इथे एक आवाज रोज एकाच वेळी, एकाच जागी, जमिनीलगत बसून येत होता. आवाज चालू असेपर्यंत इथलं कोणी उठत नाही, हे त्याला कळलं असावं. असावं, एवढंच तिला म्हणता येत होतं. तीन दिवसांवरून निष्कर्ष काढता येत नाही. अजून दोनदा पाहू आणि मग मुलांना आणि इंदिराबाईंना नीट समजावून सांगू, असं तिने ठरवलं.

त्याच दिवशी कापणीचे नमुने आले आणि केंद्रातून निघायला तिला सहा वाजले. तलावाच्या पाळीवरून सायकलने येताना तिला दानिशचा आवाज ऐकू आला. मोठा, एकसारखा, न थांबता.

सावली गावात दिलेल्या इंदिराबाईंच्या मुलीला कळा सुरू झाल्या होत्या. चारच्या एसटीने त्या तिकडे गेल्या होत्या, मुलांना घरात बसवून, कडी लावून घ्यायला सांगून. सहाला वीज गेली. काल अम्मी घर राखायलाच एकटी बाहेर बसून वाचत होती, असं दानिशने धरलं होतं. आज अम्मी नव्हती, म्हणून तो बसला होता. अमरीनला अंधारात एकटं राहायचं नव्हतं, म्हणून ती शेजारी होती.

फाटकाशी अंजुम सायकलवरून उतरली. सपरीत कंदील, पुस्तक, दोन डोकी. अंगणात अर्ध्यापर्यंत उजेड. धुण्याचा दगड एकच होता. आता दोन दिसत होते, आणि दुसरा दगड पहिल्यापेक्षा चटईच्या जवळ होता.

हाक मारली तर दानिश थांबला असता. अमरीन तिला पाहताच नेहमीसारखी अंगणातून धावत आली असती. अंजुमने श्वास घेतला आणि दानिशच्या आवाजात आपला आवाज मिळवला.

"कासव चालत राहिलं. वाटेत त्याला बगळा भेटला. बगळा म्हणाला, इतक्या हळू कुठे निघालास?"

दानिशने मान वर केली, पण वाचन सोडलं नाही. अमरीन हसली. ती उठायच्या आत अंजुम त्याच सुरात पुढे म्हणाली, "कासवाने धाकट्या बहिणीचा हात घट्ट धरला. कंदील उचलला. ते घरात गेलं आणि त्याने आतून कडी लावली."

दानिशचं बोट पुस्तकावर थांबलं.

"अम्मी, असं नाही लिहिलं."

दुसरा दगड किंचित खाली झाला, पुढच्या बाजूने.

"पुढच्या पानावर आहे," अंजुम म्हणाली. "उभं राहून वाच. कासवाने धाकट्या बहिणीचा हात धरला."

त्याने पान उलटलं. तिथे काय होतं ते त्याला पाठ होतं. त्याने आईकडे पाहिलं, मग ती पाहत होती तिकडे पाहिलं.

"कासवाने," तो मोठ्याने म्हणाला, "धाकट्या बहिणीचा हात धरला." अमरीन म्हणत होती की बहीण नव्हतीच. तो तिला ओढत, एकेक शब्द सुटा म्हणत, मागे सरकत गेला. कंदील आत गेला. कडी पडली.

अंगणात आता काहीच दिसत नव्हतं, एकही दगड नाही. अंजुमने सायकल आडवी करून पुढे धरली आणि बगळ्याचं पुढचं वाक्य म्हटलं. मग त्याच्या पुढचं. एका ठिकाणी तिला ओळ आठवेना.

"मग खेकडा येतो," दाराआडून दानिश म्हणाला. त्याचा आवाज मोठा होता.

"मग खेकडा येतो," अंजुम म्हणाली.

कय्यूम यायला अजून चाळीस मिनिटं होती, आणि पुस्तकाची पाच पानं उरली होती.