तीनदा वाजली की थांबायचं

मी पूजेची घंटा बोलतेय. हसू नका. माझ्या पोटातला लोलक, म्हणजे माझी जीभ, गेले दहा महिने माझ्यापासून वेगळी पडली आहे. तरी बोलतेय, कारण आता गप्प बसून चालणार नाही.

माझा जन्म पुण्याच्या रविवार पेठेतल्या एका ओताऱ्याच्या भट्टीतला. मुठीवर गरुड आणि आवाज खणखणीत. १९७४ साली कांचनच्या रुखवतात मला मांडलं, तेव्हा चिवडा-लाडवांची ताटं सोडून विहीणबाईंनी पहिला हात मलाच लावला होता. गर्व म्हणा हवं तर, पण मी ते विसरलेले नाही. कांचनचे यजमान जगदीशराव इंजिनियर. त्यांना न्यूझीलंडमध्ये नोकरी लागली, तशी मीही सामानातून आले. हॅमिल्टनला रोटोटुना भागात नवीन घर झालं, त्यात छोटं देवघर आणि देवघरात मी.

२००३ साली जगदीशराव निवृत्त झाले आणि त्यांच्या डोक्यात इंग्लंडचे कालवे शिरले. चार महिने भाड्याच्या बोटीत राहायचं, रोज थोडं पुढे सरकायचं. कांचन म्हणाली, "देव घेतल्याशिवाय मी येणार नाही." म्हणून मीही गेले.

ती बोट पडवळासारखी, लांबच लांब आणि अरुंद. सुकाणू मागे, तिथे जगदीशराव. पुढच्या टोकाला कांचन, वाट बघायला. मधे इंजिनाची धडधड. "अहो, डावीकडे!" असं ओरडून तिचा घसा बसला, तेव्हा जगदीशरावांनी देवांपुढून मला उचलून तिच्या हातात दिलं. एकदा वाजली की डावीकडे, दोनदा वाजली की उजवीकडे, तीनदा वाजली की थांबायचं.

कांचनला ते पटलं नव्हतं. "घंटा देवांना बोलवायला असते. अशी वाटेत वाजवत सुटलो तर कोण येईल, काय सांगावं?"

"येईल तो चहा पिऊन जाईल," जगदीशराव म्हणाले.

खरं सांगते, त्या चार महिन्यांत मी फार सुखात होते. देवघरात दिवसातून दोनदा वाजायचं आणि उरलेला वेळ उदबत्तीची राख अंगावर घेत बसायचं, त्यापेक्षा हे बरं होतं. तिथलं पाणी ताटात वाढल्यासारखं स्थिर. माझ्या आवाजाला कोणी आलं नाही.

परत आल्यावर जगदीशरावांनी एका शेडमध्ये दोन वर्षं खपून तशीच बोट बांधली. नाव ठेवलं 'निवांत'. पण इथे कालवे कुठले? त्यांनी ती वायकाटो नदीत उतरवली. तुआकाऊ गावाच्या पुढे नदी पसरते, बेटाबेटांतून तिचे फाटे फुटतात आणि मग समुद्र लागतो. हिवाळ्यात सकाळी धुकं असं उतरतं की बोटीचं एक टोक दुसऱ्याला दिसत नाही. वाहत्या पाण्याची जात निराळी असते, हे इंजिनियर माणसाला कोण सांगणार!

२००६ च्या ऑगस्टमधली गोष्ट. सकाळचे नऊ वाजले असतील. धुक्यात कांचनने मला एकदा वाजवलं, आणि पुढून, पाण्यावरून, तसाच एक ठोका आला. तिला वाटलं प्रतिध्वनी. तिने मला पदराने घट्ट धरलं. मी वाजले नाही. तरी पुढून दोन ठोके आले.

माझाच आवाज होता तो. माझ्याच काशाचा, माझ्याच काठाचा. आपला आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळू नये हो कोणाला.

कांचनने मला जोरात तीनदा वाजवलं. इंजिन थांबलं. पुढे सगळं चिडीचूप. कितीतरी वेळ आम्ही वाट पाहिली, पण तीनचं उत्तर आलं नाही.

धुकं विरल्यावर काठावर व्हाइटबेटची बारीक मासळी धरणारा विरेमू दिसला. नेहमीचा ओळखीचा माणूस. "किया ओरा!" त्याने हात केला. "हीप्स ऑफ बेल्स धिस मॉर्निंग, ए? व्हेअर्स युअर मेट?" सकाळभर घंटा ऐकल्या म्हणे, आणि आमच्या पुढची ती दुसरी बोट कुठे गेली, असं विचारत होता.

"आमची एकच बोट आहे," जगदीशराव इंग्रजीत म्हणाले. विरेमूने जाळं गुंडाळलं आणि त्या दिवशी तो लवकर घरी गेला.

त्यानंतर कांचनने मला धुक्यात कधी वाजवलं नाही. धुकं असलं की ती बोट काठाला बांधून ठेवायला लावायची.

पुढच्या मे महिन्यात ती गेली. हार्ट अटॅक, हॉस्पिटलमध्ये, दुपारी. त्यात नदीचा काही संबंध नव्हता. मी देवघरात होते आणि तेरा दिवस मला कोणी हात लावला नाही. मला फार एकटं वाटलं.

जगदीशराव पुन्हा बोटीवर राहायला गेले. मला त्यांनी पुढच्या टोकाला दोरीने एका आकड्याला टांगलं. धुक्याच्या सकाळी पुढून ठोके यायचे आणि ते मागून हसून म्हणायचे, "बरं गं बाई, डावीकडे तर डावीकडे." मी जागची हललेलीही नसायचे. ठोके त्यांना दर वेळी थोडं आणखी खाली, समुद्राच्या बाजूला न्यायचे. दुपारी धुकं गेलं की ते माघारी यायचे.

मी मोजत होते. एक यायचा, दोन यायचे. तीन कधीच नाही. कांचनला थांबा म्हणण्याची इतकी सवय, इंग्लंडमध्ये तर ती बदकं दिसली तरी तीनदा वाजवायची. जो कोणी वाजवत होता, त्याला थांबवायचं ठाऊकच नव्हतं. ती कांचन नव्हती. पण हे मी जगदीशरावांना कसं सांगणार?

त्यांनी मुलीला, श्रियाला, हे सगळं आनंदाने सांगितलं. श्रिया घाबरली. रविवारी ती बोटीवर आली. "बाबा, प्लीज. वाऱ्याने हलते ती घंटा. यू आर जस्ट मिसिंग आई. मीपण मिस करते."

"वाऱ्याने मोजून वाजते का गं?"

ते चहा करायला आत गेले, तेव्हा तिने पर्समधून पक्कड काढली. आधी मला नमस्कार केला, डोळे पुसले आणि माझी जीभ उपटून पर्समध्ये टाकली. बापाचा भ्रम जावा, एवढंच तिच्या मनात होतं. तिच्यावर माझा राग नाही.

मंगळवारी, २००८ च्या सप्टेंबरात, पुन्हा धुकं पडलं. पुढून एक ठोका आला. जगदीशरावांनी बोट डाव्या फाट्यात घातली. पुन्हा एक. पाण्याला खारट वास यायला लागला. मी जीव खाऊन आकड्यावर झुलले, लोखंडावर काठ आपटायला बघितलं, पण नुसती दोरीच पिळली.

मग इंजिन तसंच चालू ठेवून ते टपावरून चालत पुढे आले. त्यांना उत्तर द्यायचं होतं. त्यांनी मला काढून हलवलं. आवाज नाही. उलटं करून आत पाहिलं. आतून बोटांनी चाचपलं. माझी जीभ नाही हे त्यांना कळलं, आणि त्याच वेळी पुढे, अगदी जवळ, दोनदा वाजलं.

मला वाटलं, आता तरी हा माणूस घाबरेल. पण त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच बघवेना.

"म्हणजे ही घंटा वाजत नव्हतीच," ते म्हणाले. "म्हणजे तूच आहेस. आलो गं."

त्यांनी मला हळूच खाली ठेवलं आणि ते पुढे गेले. पुढे बोट संपत होती.

विरेमूला 'निवांत' चिखलात रुतलेली सापडली, इंजिन चालू होतं. अकरा दिवस शोधलं. जगदीशराव मिळाले नाहीत.

आता श्रिया या रोटोटुनाच्या घरात राहते. मी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये आहे, बॅटऱ्या आणि रबरबँडांच्या सोबत. माझी जीभही इथेच, वीतभर अंतरावर, कागदात गुंडाळून ठेवली आहे. श्रियाने मला फेकलं नाही आणि बसवलंही नाही.

जुलै चालू आहे. आज सकाळी धुकं नदीकडून पार खिडकीपर्यंत आलं आहे. श्रिया भांडी घासत होती. मघाशी तिने नळ बंद केला आणि ती नुसती उभी राहिली. मीही ऐकलं. एकदा. मग दोनदा.

"आई?" ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "बाबा?"

तिने हात पुसले आहेत. गाडीची किल्ली उचलली आहे. श्रिया, ते दोघं नाहीत गं तिकडे. तुझ्या आईने तुला हाक मारली असती तर आधी थांब म्हटलं असतं. ड्रॉवर उघड, पोरी. माझी जीभ मला दे आणि फक्त तीनदा वाजव मला, मग जा हवं तर.